गावात नवा बार येतोय? गोव्यात दारूच्या परवान्याला हरकत कशी घ्यावी

शाळेच्या वाटेवरच्या गाळ्याला रंग लागतो, दोन मोठे फ्रीज उतरतात, आणि वाड्यावर बोलणं सुरू होतं की इथे बार येतोय. अशा वेळी बहुतेक लोक दोनांपैकी एक करतात. ‘परवाना मिळालाच असणार, आता काय उपयोग’ म्हणून गप्प बसतात, नाहीतर पंचाच्या घरी जाऊन तोंडी सांगून येतात. दोन्हींतून फाइलमध्ये काहीच पडत नाही. पुढे सुनावणी झाली, अपील झालं, अगदी हायकोर्टात गेलात, तरी सगळीकडे पहिला प्रश्न हाच येतो: तुम्ही हरकत कधी घेतली आणि तिची पोच कुठे आहे? पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा किंवा बार्देशमधल्या गावात राहून हे पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी पुढची माहिती आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. गोव्यात दारूविक्री कायदेशीर आहे, आणि फेणी, हुर्राक, गावातलं जुनं तावेर्न (दारूचं छोटं दुकान) यांचं इथल्या जगण्यात स्थान आहे. ‘दारू वाईट’ एवढ्यावर कुठलाही अधिकारी परवाना नाकारणार नाही. हरकत चालते ती जागेवर, वेळेवर, कागदपत्रांवर आणि शेजारच्या लोकांना होणाऱ्या त्रासावर. गावकऱ्यांच्या सह्यांचे चांगले अर्ज मी वाया जाताना पाहिले आहेत, कारण तीन पानं व्यसनाच्या दुष्परिणामांवर आणि शाळेपासूनच्या अंतराबद्दल एक ओळही नाही.

तुमच्या अधिकाराचा आधार

गोव्यातले दारूचे परवाने ‘गोवा अबकारी शुल्क कायदा, १९६४’ आणि त्याखालच्या नियमांनुसार दिले जातात. अर्ज तालुक्याच्या अबकारी कार्यालयात फिरतो, निरीक्षक जागा पाहून अहवाल देतो, आणि खात्याच्या शिरोभागी पणजीत अबकारी आयुक्त असतात.

दारूचा धंदा हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही. खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हे स्पष्ट केलं. परवाना म्हणजे सरकारने अटींवर दिलेली मुभा. अट मोडली किंवा अट पूर्ण न होता परवाना दिला, तर ती मुभा काढून घेता येते. राज्यघटनेचं ४७वं कलम मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न करायला राज्याला सांगतं. ते मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्याच्या एकट्याच्या जोरावर कोर्टात काही मागता येत नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

हरकत कोणी घ्यावी? शेजारी राहणारे, शाळेची व्यवस्थापन समिती, पालक-शिक्षक संघ, देवस्थानची समिती, चर्च किंवा कपेलाचे लोक, दवाखाना चालवणारे. ज्यांना प्रत्यक्ष झळ बसते ते. पलीकडच्या बारवाल्याला पुढे करू नका. जसभाई मोतीभाई देसाई खटल्यात (१९७६) एका चित्रपटगृहाच्या मालकाने दुसऱ्या चित्रपटगृहाच्या ना हरकत दाखल्याला आव्हान दिलं होतं. धंद्यातला प्रतिस्पर्धी हा ‘पीडित व्यक्ती’ ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. गावच्या अर्जावर अशा माणसाची सही पहिली असली, तर समोरचा वकील तेवढाच मुद्दा धरून बसतो.

महाराष्ट्रात नातेवाईक असलेल्यांना ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदान ठाऊक असतं. ते महाराष्ट्राच्या नियमांतलं आहे. गोव्यात त्या मतदानाची मागणी करून वेळ घालवू नका.

पहिलं काम: परवाना कुठला आणि कोणत्या टप्प्यावर

बाटलीबंद विक्रीचा परवाना वेगळा आणि बसून पिण्याचा वेगळा. पहिल्यात माणूस बाटली घेऊन जातो, दुसऱ्यात रात्री उशिरापर्यंत टेबलं, गाणी आणि पार्किंग आलं. पार्टी किंवा कार्यक्रमापुरता मिळणारा तात्पुरता परवाना आणखी वेगळा. तालुक्याच्या अबकारी कार्यालयात जाऊन सरळ विचारा: या घर क्रमांकावर अर्ज आला आहे का, कोणत्या प्रकारचा, नवा की जुना परवाना इकडे हलवला जातोय?

हा शेवटचा प्रश्न विसरू नका. पुष्कळदा ‘नवा बार’ कागदावर नवा नसतोच. दुसऱ्या वाड्यावर बंद पडलेल्या जुन्या तावेर्नचा परवाना नव्या जागेत आणला जातो, किंवा वारसाकडून कोणीतरी चालवायला घेतो. ‘हा परवाना वीस वर्षांपूर्वीचा आहे’ असं सांगून गावाला गप्प केलं जातं. परवाना वीस वर्षांचा असेल, पण ही जागा त्याला नवी आहे. जागेची तपासणी, अंतराचं मोजमाप आणि पंचायतीचे कागद या नव्या जागेसाठी झाले का, हे विचारा. परवाना एकाच्या नावावर आणि गल्ल्यावर दुसराच बसलेला असेल, तर तोही स्वतंत्र मुद्दा आहे. २०२२ मध्ये आसगावातल्या एका रेस्टॉरंटचा परवाना मृत माणसाच्या नावाने नूतनीकरण झाल्याची तक्रार एका वकिलाने केली, तीही माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांच्या आधारे. त्यावर अबकारी आयुक्तांनी कारणे दाखवा नोटीस काढून सुनावण्या घेतल्या. एका नागरिकाच्या अर्जाने हे सगळं सुरू झालं होतं.

कोणी ‘शेजाऱ्यांची ना हरकत’ म्हणून कागद घेऊन आलं तर वाचल्याशिवाय सही देऊ नका. घरात वडीलधारी माणसं एकटी असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा. आधी दिलेली सही चुकून गेली असेल तर ती मागे घेत असल्याचं लेखी पत्र त्याच आठवड्यात द्या.

कागद मिळवणं

माहितीचा अधिकार कायदा, २००५ इथे तुमचं मुख्य साधन आहे. दोन अर्ज करा, एक अबकारी खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याला आणि दुसरा पंचायत सचिवाला. शहरात असाल तर दुसरा नगरपालिकेला. शुल्क प्रत्येकी १० रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आल्यास किंवा अपुरं आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही न भागल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

मागणी मोघम ठेवू नका. ‘सदर बारची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर एका ओळीचं उत्तर येतं. अबकारी खात्याकडे अर्जाची प्रत, निरीक्षकाचा जागा-पाहणी अहवाल, अंतर मोजल्याचा पंचनामा आणि नकाशा, जोडलेले ना हरकत दाखले, फाइलवरच्या टिपण्या आणि मंजुरीचा आदेश मागा. पंचायतीकडे ठरावाची प्रत, त्या बैठकीचं इतिवृत्त, घरपट्टीची नोंद, बांधकाम परवाना, ओसी म्हणजे वापराचा दाखला आणि व्यापार परवाना. त्या जागेचा एक-चौदाचा उतारा स्वतः काढून घ्या, त्यावर मालक कोण ते कळतं.

‘त्रयस्थाची खासगी माहिती’ म्हणून नकार येईल असं धरूनच लिहा: अर्जदाराचा आधार, पॅन, फोन क्रमांक झाकून बाकी प्रत द्यावी. कलम १० प्रमाणे वगळण्यासारखा भाग वगळून उरलेला द्यावा लागतो. आणखी एक ओळ जरूर घाला: ‘मला फाइल प्रत्यक्ष पाहायची आहे.’ तसा हक्क कायद्यात आहे आणि मी तर तोच आधी वापरा म्हणेन. फाइल हातात घेऊन बसलात की कोणत्या कागदावर तारीख नाही, कोणता दाखला मंजुरीनंतरचा आहे, हे नजरेला पडतं. प्रती नंतर निवडून घेता येतात.

मात्र माहिती अधिकाराचं उत्तर येईपर्यंत हरकत थांबवून ठेवू नका. तीस दिवसांत परवाना हातात पडू शकतो. हरकत आज द्या, कागद मिळाल्यावर पुरवणी द्या.

अंतराचा मुद्दा

गोव्याच्या अबकारी नियमांत शैक्षणिक संस्था आणि धार्मिक स्थळांपासून १०० मीटरची मर्यादा आहे. हरकतींत सर्वांत जास्त चालणारा मुद्दा हाच, म्हणून यावर मेहनत घ्या. फोनवरच्या नकाशाने अंदाज येतो, पण मोजणी टेपने करा आणि दोन प्रकारे करा: सरळ रेषेत आणि चालण्याच्या रस्त्याने. कोणत्या दारापासून कोणत्या फाटकापर्यंत मोजलं ते कागदावर रेखाटा, फोटो घ्या, मोजणाऱ्या चारपाच जणांच्या सह्या घ्या. मग अबकारी कार्यालयाला लिहा की आमच्या उपस्थितीत संयुक्त मोजणी करावी आणि खात्याने कोणत्या नियमाने, कुठून कुठपर्यंत मोजलं ते लेखी कळवावं. बारवाले बहुधा पुढचं दार बंद करून मागून वाट काढतात, म्हणजे रस्त्याने अंतर वाढतं. तसं झालं असेल तर जुन्या आणि नव्या दाराचे फोटो जोडा.

शाळेच्या बाजूने मान्यतेचं पत्र हवं. देवळाच्या बाजूने देवस्थान समितीच्या लेटरहेडवर ठराव. गोव्यातली कितीतरी देवस्थानं महाजनी कायद्याखाली मामलेदार कार्यालयात नोंदलेली आहेत, ती नोंद जोडली की ‘हे धार्मिक स्थळच नाही’ हा बचाव उरत नाही. घुमटी, खुरीस, तुळशीवृंदावन यांवर सगळा भार टाकू नका, तिथे वाद होतो.

दोन अडचणी आधीच ओळखून ठेवा. विशेष बाब म्हणून सरकार या अंतरात सवलत देऊ शकतं, आणि अशा सवलतींवरून २०२४ मध्ये गोव्यात बराच वाद पेटला होता. म्हणून हरकतीत लिहा की सवलतीचा प्रस्ताव असल्यास आम्हाला ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नये, आणि सवलत दिलीच तर कारणांसह आदेशाची प्रत द्यावी. दुसरी अडचण म्हणजे बार आधीचा आणि बालवाडी नंतरची असेल तर तुमची बाजू कमकुवत आहे. तिथे अंतरापेक्षा आवाज, वेळ आणि अटीभंग धरून चाला.

महामार्गाच्या ५०० मीटरचा नियम अजूनही लोक अर्जात लिहितात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांलगतच्या दारूविक्रीवर ती मर्यादा घातली, मार्च २०१७ मध्ये २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी ती २२० मीटर केली. पुढे पालिका क्षेत्रांना त्यातून वगळलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पंचायत क्षेत्रांबाबत ठरवायची मुभा राज्यांना दिली. त्यामुळे आज फक्त ५०० मीटरवर विसंबून केलेला अर्ज टिकत नाही.

हरकतीचं पत्र

अबकारी आयुक्त, पणजी यांच्या नावे लिहा. प्रती तालुका अबकारी निरीक्षक, पंचायत आणि पोलीस स्थानक यांना. राजभाषा कायदा, १९८७ प्रमाणे गोव्यात सरकारी कामासाठी मराठीचाही वापर होतो, तेव्हा अर्ज मराठीत देता येतो. तरी सोबत इंग्रजी प्रत जोडलेली बरी, कारण फाइलवरच्या टिपण्या आणि पुढे हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं. एक पान पुरे. साधारण असं:

‘आम्ही खाली सही करणारे … वाड्याचे रहिवासी आहोत. घर क्र. … येथे बसून पिण्याच्या दारू परवान्यासाठी अर्ज आल्याचे समजते. ही जागा … प्राथमिक शाळेच्या फाटकापासून … मीटरवर आहे. मोजणीचा नकाशा आणि फोटो जोडले आहेत. जागेच्या दोन्ही बाजूंना राहती घरे आहेत, पार्किंगला जागा नाही, आणि आमच्या माहितीप्रमाणे गाळ्याला वापराचा दाखला नाही. सदर परवाना देऊ नये. निर्णयापूर्वी आम्हाला सुनावणी द्यावी, संयुक्त मोजणी करावी आणि कारणांसह आदेशाची प्रत द्यावी.’

आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का देत नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा. सह्यांसोबत घर क्रमांक लिहा. शंभर अनोळखी सह्यांपेक्षा समोरच्या दहा घरांच्या सह्या जास्त वजनदार. अर्जदाराची जात, धर्म, गाव यावर एक शब्दही लिहू नका. बाहेरचा माणूस म्हणून राग असेल, पण तो कायद्याचा मुद्दा नाही आणि लिहिणंही योग्य नाही.

ग्रामसभा

पंचायत राज कायदा, १९९४ प्रमाणे गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य आहे. विषय आधी लेखी देऊन पंचायत सचिवाकडून पोच घ्या, म्हणजे ऐनवेळी ‘अजेंड्यावर नाही’ म्हणून बाजूला पडत नाही. ठरावाचा मसुदा घरून लिहून न्या, वाचून दाखवा, सूचक-अनुमोदकाची नावं इतिवृत्तात येतील याची खात्री करा. ग्रामसभेच्या ठरावाने अबकारी परवाना आपोआप रद्द होत नाही. पण पंचायतीनेच आधी ना हरकत दिली असेल तर तिला पुन्हा विचार करायला लावण्याचं बळ त्यातच असतं, आणि आयुक्तांपुढे तो गावाचा पुरावा ठरतो. पंचायतीच्या ठरावाविरुद्ध वेगळी दाद पंचायत संचालनालयाकडे मागता येते.

पंचायतीचे कागद का तपासायचे, याचं सगळ्यांत दुःखद उत्तर डिसेंबर २०२५ मध्ये हडफडेला मिळालं. तिथल्या नाइटक्लबच्या आगीत २५ माणसं गेली. पंचायतीने ते बांधकाम पाडण्याचा आदेश आधीच दिला होता आणि त्याला वरून स्थगिती मिळाली होती, हे आगीनंतर लोकांपुढे आलं. बांधकामच बेकायदा असेल तर त्या छताखालचा दारूचा परवाना हा तुमचा थेट प्रश्न आहे. अग्निशामक दलाचा दाखला, अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि किनाऱ्यालगत असाल तर किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी, यांतलं काय आहे आणि काय नाही ते प्रत्येक ठिकाणी एकेका पत्राने विचारा.

आधीपासून चालू असलेला बार

इथे पुरावा गोळा करण्यात चिकाटी लागते. वही ठेवा: तारीख, वेळ, काय घडलं, कोण हजर होतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ; निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शाळा, इस्पितळ, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो; तसं जाहीर केलं आहे का ते विचारा. त्रास होतो त्याच वेळी ११२ वर फोन करा आणि दुसऱ्या दिवशी पोलीस स्थानकात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. अशा चारपाच पोचा, परवान्यावरची वेळ आणि प्रत्यक्ष बंद होण्याची वेळ दाखवणारे व्हिडिओ जोडून परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची मागणी अबकारी खात्याकडे करा. परवान्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. चालू परवान्याची मुदत ३१ मार्चला संपत असेल तर नूतनीकरणाला हरकत जानेवारीतच द्या. व्हिडिओ रस्त्यावरून किंवा आपल्या घरातून घ्या. आत शिरून गिऱ्हाइकांचं चित्रण करू नका, आणि एकट्याने भांडायला तर मुळीच जाऊ नका.

सुनावणी आणि त्यापुढे

सुनावणीला दोघातिघांनी जा, बोलणारा एकच ठेवा. मूळ कागद आणि दोन संच प्रती न्या. समोरच्याने नवा कागद दिला तर त्याची प्रत आणि उत्तराला वेळ मागा. त्या दिवशी जे बोललात ते लेखी म्हणूनही द्या, कारण तोंडी बोललेलं आदेशात उतरेलच असं नाही.

आदेश आला की मिळाल्याची तारीख त्यावर लिहा, अपिलाची मुदत तिथून धावते. खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपील आयुक्तांकडे आणि आयुक्तांच्या आदेशावर सरकारकडे. त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा आणि अपिलासोबत स्थगितीचा अर्जही द्या, नाहीतर अपील चालू आणि बारही चालू. आदेशात कारणं नसतील किंवा तुमच्या मोजणीबद्दल चकार शब्द नसेल, तर तो मुद्दा ठळक करा. आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं भरता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या मोहिंदर सिंग गिल खटल्यात सांगितलं आहे.

शेवटचा रस्ता मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीतल्या गोवा खंडपीठाचा, घटनेच्या कलम २२६ खाली. अपिलाची सोय असताना कोर्ट साधारणपणे आधी तिकडे पाठवतं. मात्र तुम्हाला ऐकूनच घेतलं नाही, किंवा अधिकार नसलेल्याने परवाना दिला, अशा वेळी थेट जाता येतं. बार सुरू होऊन वर्ष उलटल्यावर गेलात तर ‘इतके दिवस कुठे होतात’ हे विचारलं जाणार.

वकिलाच्या खर्चाने अडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. वाड्यावरच्या बायकांनीच अर्जदार म्हणून पुढे यायचं ठरवलं तर ही मदत त्यांना मिळते, आणि रात्रीच्या वेळी त्या रस्त्याने कामावरून परतणाऱ्या त्याच असल्यामुळे त्यांचं म्हणणं वजनाने ऐकलं जातं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करायचा. ओळखपत्र, हरकतीची पोच आणि आदेशाची प्रत सोबत न्या.